फिंचचा पिंजरा : उंची नको, लांबी बघा

टिटवी :

फिंच पाळायचं मनात आलं की बहुतेकजण आधी जात ठरवतात, मग जोडी आणतात आणि निघता निघता हाताला लागेल तो पिंजरा उचलतात. क्रम उलटा हवा. जोडी घरी यायच्या आधी पिंजरा जागेवर लागलेला असला पाहिजे. नीट सांभाळला तर झेब्रा फिंच पाच ते सात वर्षं जगतो, कधी त्याहून जास्त. तेवढी वर्षं तो त्या चौकटीतच उडणार आहे. म्हणून हा धागा फक्त पिंजरा आणि त्याची निगा यावर काढतेय.

सगळ्यात आधी लांबी. पोपट चोचीने गज धरून वर चढतो, त्याला उंची कामी येते. फिंच चढत नाही, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा उडतो. उंच, निमुळत्या पिंजऱ्यात तो सगळ्यात वरच्या दांडीवर जाऊन बसतो आणि खालची जागा नुसती पडून राहते. एका जोडीला कमीत कमी ७५ सेंमी (३० इंच) लांबी आणि ४५ सेंमी (१८ इंच) रुंदी-उंची हवी. हे अगदी किमान झालं. मीटरभर लांबीचा मिळाला तर फरक कानालाही कळतो : छोट्या पिंजऱ्यात नुसती उडी असते, इथे पंखांची फडफड सलग ऐकू येते. घुमटवाले गोल पिंजरे घेऊच नका. दिसायला गोड असतात, पण पक्ष्याला पाठ टेकवायला कोपरा मिळत नाही आणि उडायला सरळ रेषही मिळत नाही.

दोन गजांमधलं अंतर सेंटिमीटरभर असावं, १२ मिमीच्या वर नको. झेब्रा फिंचचं वजन जेमतेम १२-१५ ग्रॅम. डोकं गेलं की अंग निघून जातं, किंवा अडकतं, आणि अडकणं जास्त वाईट. पिंजऱ्याची दारं वर सरकणारी असतील तर प्रत्येक दाराला चिमटा लावा, भांडी बसवायच्या छोट्या खिडक्यांनाही.

जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरणार असाल तर आधी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या. सुटलेली जस्ताची पूड आणि बारीक गुठळ्या पोटात गेल्या तर विषबाधा होते. गंजलेला किंवा रंगाचे पोपडे निघालेला जुना पिंजरा फुकट मिळाला तरी नको.

बसायच्या दांड्या दोनच पुरतात, दोन टोकांना एकेक, मधली जागा मोकळी. हौसेने झोके, शिड्या, आरसे, घंटा भरल्या की उडायची वाटच बंद होते. फिंच खेळण्यांशी खेळणारा पक्षी नाही. दांड्या सारख्या जाडीच्या गुळगुळीत नकोत. झाडाची साल असलेली, कुठे जाड कुठे बारीक अशी फांदी घ्या, म्हणजे पायाची पकड बदलत राहते. कायम एकाच जाडीवर बसून तळपायाला घट्टे पडतात, ते सुजतात, चिघळतात. दांडीवर चढवायची सँडपेपरची नळी मिळते, तिने नखं झिजत नाहीत, तळवे मात्र सोलतात. फांदी औषध न फवारलेल्या झाडाची हवी, आणि आणल्यावर उकळतं पाणी ओतून वाळवायची.

जागेबद्दल : पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली, उंची आपल्या डोळ्यांच्या पातळीला. उजेड भरपूर, पण थेट ऊन येत असेल तर अर्ध्या पिंजऱ्यावर सावली हवीच. एसीचा किंवा खिडकीचा झोत अंगावर नको. स्वयंपाकघरात तर अजिबात नको. नॉनस्टिक भांडं रिकामं तापत राहिलं की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत दगावतात. डासांची कॉइल, अत्तराचे फवारे, सिगारेटचा धूर यांपासूनही लांब.


आरोही :

छान धागा, वाचनखूण साठवली. आमच्याकडे झेब्राची जोडी पिंजऱ्यासकट भेट आली आहे आणि पिंजरा नेमका तुम्ही म्हणता तसा उभट आहे. चौकोनी आहे, साधारण ७५ सेंमी उंच. लगेच नवीन घेणं जमणार नाहीये. तोवर आहे तोच आडवा करून चालेल का?


टिटवी :

@आरोही, चौकोनी असेल तर जरूर आडवा करा. तीन गोष्टी बघा. एक, आडवा केल्यावर दार समोर किंवा बाजूला यायला हवं, जमिनीकडे तोंड करून नको. दोन, सरकता ट्रे आता बाजूला जाईल, तिथे फट राहत असेल तर जाळीचा तुकडा तारेने बांधून टाका. तीन, खाली पिंजऱ्यापेक्षा चार बोटं मोठा ट्रे ठेवा आणि त्यात कागद अंथरा. दांड्या अर्थातच नव्याने बसवाव्या लागतील. रुंदी-उंची ४५ पेक्षा कमी भरत असेल तर ही सोय तात्पुरतीच समजा.


चिमणचारा :

पिंजऱ्याबरोबर भांड्यांचंही बोलू, कारण माझ्या मते फिंच सगळ्यात जास्त तिथेच मरतात, आणि तेही भरल्या भांड्यापुढे.

फिंच दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि फोलपट तिथल्या तिथे टाकतो. ती फोलपटं भांड्यातच साठत जातात. लांबून बघाल तर भांडं काठोकाठ भरलेलं, रंगही दाण्याचाच. बोट घालून बघा : वरचा सगळा थर हलका, पोकळ, आणि तळाला कधी चार दाणे तर कधी तेही नाहीत. एवढासा जीव दिवसभर उपाशी राहिला तर दुसरा दिवस बघेलच असं नाही. म्हणून रोज सकाळी भांडं बाहेर काढून हलकी फुंकर मारायची, पिंजऱ्यापासून लांब जाऊन. फोलपटं उडतात, दाणे राहतात. जड काय उरलं ते बघून वर भर घालायची. खोल डब्यापेक्षा पसरट, उथळ थाळी बरी, नजरेला लगेच कळतं.

भांडी दांडीच्या बरोबर खाली नकोत, शीट त्यातच पडते. पाणी रोज बदला, भांडं नुसतं विसळू नका, आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर घासायला झालंय.

दाण्यांत राळा, वरी, बाजरी यांसारखी बारीक धान्यं मिसळून. राळ्याचं कणीस टांगलंत तर तुटून पडतील, पण तो खाऊ आहे, जेवण नव्हे. नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवू नका. धुतलेला हिरवा पाला, मोड आलेलं धान्य, आठवड्यातून एक-दोनदा उकडलेलं अंडं कुस्करून. मोडांना आंबूस वास आला की सरळ फेकायचे. अंडं दोन तासांत उचलायचं. अवोकाडो, चॉकलेट, खारट काहीही नाही.


गवतफुला :

+१. फोलपटांचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून पिंजऱ्यावर चिकटवायला हवं.

एक शंका. तळाला लाकडाचा भुसा टाकला तर? वास कमी येतो आणि रोज साफ करावं लागत नाही, असं ऐकलंय.


चिमणचारा :

@गवतफुला, रोज साफ करावं लागत नाही हाच त्यातला तोटा आहे. भुशाची धूळ फिंचच्या श्वासात जाते, सांडलेलं पाणी मुरून खाली बुरशी धरते, आणि देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तर पक्ष्यांना घातकच. साधा कागद अंथरा. चार-पाच थर एकदम घालून ठेवले की रोज वरचा एक ओढून काढायचा. दुसरा फायदा असा की कागदावर शीट वाचता येते. काळपट-हिरवा गोळा आणि त्यावर पांढरा ठिपका, म्हणजे ठीक. पाणीपाणी, पिवळसर किंवा एकदम कमी झाली तर पक्ष्याकडे नीट बघायची वेळ झाली.


बोरूबहाद्दर :

ग्रिटबद्दल कोणी बोललं नाही. वाळू-खडे दिल्याशिवाय पक्ष्यांना दाणा पचत नाही ना? मी लहानपणापासून हेच ऐकत आलोय.


टिटवी :

कबुतराला लागते, कारण ते दाणा सालासकट गिळतं. फिंच सोलून खातो, त्यामुळे न विरघळणाऱ्या खड्यांवाचून त्याचं अडत नाही. लागतं ते कॅल्शियम, आणि मादीला तर फारच. समुद्रफेस गजांना अडकवून ठेवा, मऊ बाजू आत. किंवा अंड्याची टरफलं भाजून, चुरून वेगळ्या वाटीत.


बोरूबहाद्दर :

माझा अनुभव वेगळा आहे, पण मुद्दा पटण्यासारखा आहे. थोडी थोडी ग्रिट देणारे जाणकारही आहेत. भांडं भरून ठेवू नये यावर मात्र सगळ्यांचं एकमत असावं, आजारी पक्षी वेड्यासारखी खडी खातो आणि पोट अडतं.


दयाळ :

घरट्याबद्दल लिहायला हवं, कारण पिंजऱ्याबरोबर वेताची टोपली सर्रास मिळते आणि लोक ती पहिल्या दिवशी टांगतात. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. तिथे पाऊस झाला, गवताला दाणा आला की घाईने वीण उरकायची, हा त्याचा स्वभाव. पिंजऱ्यात दाणा-पाणी रोजच आहे, म्हणजे त्याच्या लेखी हंगाम कधी संपतच नाही. टोपली टांगलेली राहिली तर मादी एकामागून एक अंडी घालत राहते. अंगातलं कॅल्शियम संपतं आणि एक दिवस अंडं आत अडकतं. पिसं फुलवून तळाशी बसलेली, जोर करणारी मादी दिसली तर ती ऊब देऊन ताबडतोब पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायची. संध्याकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.

पिल्लं नको असतील तर घरटंच नको. झोपायला त्यांना घरटं लागत नाही, दांडीवर मजेत झोपतात. दाण्याच्या भांड्यात घरटं करायला लागले तर भांडं बदला.

पिल्लं हवीच असतील तर दोन्ही पक्षी निदान सहा-नऊ महिन्यांचे होऊ द्या. झेब्रा तिसऱ्या महिन्यातच वयात येतो, पण तेव्हाची वीण मादीला झेपत नाही. साधारण चार ते सहा अंडी, दोन आठवड्यांच्या आसपास उबवणी, नर-मादी दोघंही बसतात. तीन आठवड्यांत पिल्लं घरट्याबाहेर येतात, पण स्वतःचं स्वतः खायला आणखी दोन आठवडे लागतात. तोवर आईबापांपासून वेगळी करू नका.

आता एक गंमत बघितलेली सांगतो. पहिलं अंडं दिसलं की घरट्याचं सामान पिंजऱ्यातून पूर्ण काढून घ्या. नाहीतर नर थांबत नाही. चोचीत काथ्याचा धागा धरून आत जाणार, अंड्यावर ठेवणार, दाबून बसवणार, पुन्हा बाहेर. मादी बसलेली असली तरी तिच्या अंगावरून. अंड्यांवर गवताचा नवा थर चढतो, त्यावर नवी अंडी, त्यावर पुन्हा थर. खालची अंडी गार पडून वाया जातात. काथ्याचे धागेही बोटाएवढे आखूड कापलेले हवेत. सुती दोरा, केस, लोकर अजिबात नको, पायाला आवळून पाय जातो.

वर्षातून दोन-तीन विणींनंतर टोपली काढून घ्यायची. हे कठोर वाटतं, पण मादी त्यामुळेच जगते.


आरोही :

दयाळदादा, आमची टोपली आत्ताच काढली. अंडी नव्हती. पण दोघांनाही चोच लाल-केशरी आहे, गालावर केशरी गोल दोघांनाही आहेत. जोडी म्हणून दिली, हे दोन नर तर नाहीत?


दयाळ :

दोन नर आहेत. राखाडी झेब्रामध्ये केशरी गाल, छातीवरच्या बारीक रेघा आणि कुशीला तांबूस पट्ट्यावर पांढरे ठिपके, हे सगळं नराचं. मादीला डोळ्याखालची काळी रेघ असते, गाल नसतो. चोचही नराची गडद लाल, मादीची केशरीकडे झुकणारी. चिंता करू नका, दोन नर छान राहतात, उलट अंड्यांची काळजी मिटली. फक्त त्यांच्यात आता मादी आणून सोडू नका, तीनचा आकडा फिंचच्या पिंजऱ्यात भांडणाचा.

बंगाली फिंचमध्ये रंगावरून काहीच कळत नाही, तिथे गातो तो नर एवढीच खूण.


गवतफुला :

एकटाच ठेवला तर माणसाळतो का? हातावर बसेल असा एखादा हवाय.


टिटवी :

नाही ताई, आणि तसा प्रयत्नही करू नका. फिंच थव्यात जगणारा पक्षी आहे. दिवसभर एकमेकांना हाका मारत, एकमेकांची मान खाजवत राहतो. एकटा ठेवलेला पक्षी हाका मारून मारून शेवटी गप्प होतो, आणि लोक म्हणतात किती शांत आहे. हातावर बसणारा पक्षी हवा असेल तर फिंच तुमच्यासाठी नाही. ही बघायची आणि ऐकायची पाखरं आहेत. नर पिल्लू आपलं गाणं बापाकडून ऐकून शिकतं, कोवळ्या वयातले दोन-अडीच महिने घोकत राहतं, आणि एकदा बसलेलं गाणं आयुष्यभर तेच. शास्त्रज्ञ याच कारणासाठी झेब्रा फिंचचा इतका अभ्यास करतात. कोंबडीनंतर ज्या पक्ष्याचा जीनोम वाचला गेला तो हाच, २०१० साली. घरात बापलेक असतील तर कान देऊन ऐका, दोघांचे तुकडे जुळतात.


निशिगंध :

रात्रीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. फिंचना दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. दिवाणखान्यात टीव्ही चालू असेल तर पिंजऱ्यावर तीन बाजूंनी पातळ कापड टाका, एक बाजू हवेसाठी उघडी. गच्च अंधारातही एक धोका आहे : अचानक आवाज झाला, गाडीचा उजेड फिरला की पाखरं दचकून उडतात, दिसत तर काही नाही, गजांवर आदळतात. खोलीत लांब कुठेतरी मिणमिणता दिवा असला की हे टळतं. खोलीतला मोठा दिवा पटकन विझवू नका, दांडीवर जाऊन बसायला चार मिनिटं द्या.

दुसरं, पाखरं रात्री अस्वस्थ असतील, दिवसा मलूल, अंग खाजवत असतील तर लाल माइट्सचा संशय घ्या. हे रक्त पिणारे बारीक जीव दिवसा दांडीच्या टोकाशी, गजांच्या सांध्यात, घरट्याच्या विणीत दडून बसतात आणि रात्री बाहेर पडतात. पक्ष्याला दिवसा कितीही तपासा, सापडत नाहीत. रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका आणि पहाटे त्याच्या घड्या उजेडात उलगडून बघा. टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके हलताना दिसले तर तेच. पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात, दांड्या आणि टोपली फेकून द्यायची, पिंजऱ्याच्या प्रत्येक सांध्यावर उकळतं पाणी, कडक ऊन. आठवड्याने सगळं पुन्हा, कारण अंडी उरतात. पक्ष्यावर औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच. घरातला झुरळांचा स्प्रे मारलात तर माइट्सच्या आधी पाखरं जातील.


बोरूबहाद्दर :

साफसफाईचं वेळापत्रक कसं ठेवता?


टिटवी :

रोज कागद, पाणी आणि फोलपटं, पाच मिनिटांचं काम. आंघोळीची उथळ थाळी सकाळी, अर्ध्या पेराइतकं पाणी घालून, आणि झाली की उचलायची, नाहीतर तेच घाण पाणी पितात. आठवड्याला दांड्या आणि ट्रे गरम पाण्याने घासून. महिन्याला पाखरं छोट्या पिंजऱ्यात हलवून मोठा पिंजरा साबणाच्या पाण्याने किंवा पाणी घातलेल्या व्हिनेगरने, मग भरपूर पाण्याने, मग पूर्ण वाळवून. वास असलेलं कुठलंही फ्लोअर क्लीनर नको. वाळलेली शीट कोरडी खरवडू नका, आधी ओली करा, धूळ तुमच्याही छातीत जाते. शेवटी हात धुवा.

तो छोटा पिंजरा नंतर आवरून ठेवू नका. आजारी पक्ष्याला तोच लागतो. फिंच आजार लपवतो, कारण थव्यात कमजोर दिसणं धोक्याचं. पिसं फुलवून दिवसा झोपलेला, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होणारा, तळाला उतरलेला दिसला म्हणजे आजार आधीपासूनच अंगात आहे. वेगळं काढा, पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ऊब द्या, २८-३० अंशांपर्यंत, म्हणजे जास्त झाली तर त्याला सरकता येईल. दाणा-पाणी पायाशी ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. श्वास घेताना बारीक टिकटिक ऐकू येत असेल तर श्वसनमार्गातल्या माइट्सची शक्यता असते, गूल्डियन फिंचमध्ये विशेष. यावर औषध आहे, पण मात्रा इतक्या छोट्या वजनाला मोजून द्यावी लागते, घरी अंदाजाने नाही.


आरोही :

पिंजरा आडवा झाला! रुंदी-उंची ४० भरली, त्यामुळे मोठा घ्यायचाच आहे. पण दोघंही पहिल्यांदाच या टोकावरून त्या टोकाला उडताहेत. एका नराची नखं मात्र वळली आहेत, दांडीवरून उतरताना अडकतात. कापावीत का? आणि नवी जोडी आणली तर त्याच मोठ्या पिंजऱ्यात सोडता येईल?


टिटवी :

नखं कापा, पण दोघांनी मिळून. एकाने पक्षी तळहातात धरायचा, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, छातीवर दाब अजिबात नको, कारण छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. दुसऱ्याने नख उजेडासमोर धरून आतली लाल शीर बघायची आणि तिच्या बरीच पुढे, नुसतं टोक उडवायचं. जवळ कॉर्नफ्लोअर ठेवा, चुकून रक्त आलंच तर दाबून धरायला. एका बैठकीत एकच पाय केलात तरी चालेल. वळलेली नखं हे बहुतेक वेळा गुळगुळीत दांडीचं लक्षण, तेव्हा फांदीही बदला.

नवी जोडी लगेच नको. आधी तीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि रोजची कामं आधी जुन्यांची मग नव्यांची. त्यानंतरही दोन नरांमध्ये जोडी सोडली तर मादीवरून मारामारी होईल. सोडायचे असतील तर आणखी दोन नरच आणा, आणि तेही लांबी निदान १२० सेंमी असेल तर. सोडण्याआधी दांड्यांच्या जागा बदला, म्हणजे जुन्यांनाही पिंजरा नवा वाटतो आणि हद्दीवरून भांडण कमी होतं. पहिला दिवस घरात असाल असा निवडा.